साथीच्या दिवसांत विद्यापीठाचा परिसर: मेस, हवा आणि वसतिगृह

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार हजार विद्यार्थ्यांचा परिसर, त्यांतले बाराशे वसतिगृहात राहणारे, शिवाय प्राध्यापक, कार्यालयीन कर्मचारी आणि कंत्राटी कामगार. कोविडसारखी श्वसनमार्गाची साथ पुन्हा आली तर फाटकावर तापमान मोजणं, जागोजागी सॅनिटायझर आणि रोजची फवारणी एवढ्यावर भागेल का? नसेल, तर पैसा आणि माणसं कुठे लावावीत?

भागणार नाही. या तीन गोष्टी डोळ्यांना दिसतात म्हणून आधी केल्या जातात, आजार मात्र दुसऱ्याच वाटेने फिरतो. परिसराचा नकाशा समोर घ्या आणि माणसं मास्क कुठे उतरवतात तिथे खुणा करा. मेस, वसतिगृहाच्या खोल्या, सामाईक बाथरूम, चहाची टपरी, जिम, सुरक्षारक्षकांची केबिन, शिपायांची डबा खायची खोली. वर्गात मास्क लावून बसलेला विद्यार्थी त्या मानाने कमी धोक्यात असतो.

डिसेंबर २०२० मध्ये आयआयटी मद्रासच्या परिसरात जेमतेम पावणेआठशे विद्यार्थी होते आणि वर्ग ऑनलाइन होते. तरी काही दिवसांतच शंभराहून अधिक जणांना लागण झाली. सगळ्यांसाठी एकच मेस चालू होती. ती बंद करून जेवण खोल्यांवर पोचवावं लागलं. अमेरिकेत चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने १० ऑगस्ट २०२० ला वर्ग सुरू केले आणि आठवड्याभरातच पदवीचे वर्ग ऑनलाइन नेण्याचा निर्णय घेतला. तिथेही रुग्णांचे घोळके सापडले ते मुलांच्या राहत्या जागांमध्ये.

मेसचं गणित

बाराशे जण, तीनशे खुर्च्या. निम्म्याच भरायच्या ठरवल्या तर एका पंगतीत दीडशे, म्हणजे आठ पंगती. जेवायला २५ मिनिटं, टेबलं पुसून हवा बदलायला १० मिनिटं धरली तरी एका वेळच्या जेवणाला ४ तास ४० मिनिटं लागतात. हे कुठलीही मेस दिवसातून दोनदा चालवू शकत नाही. तिसऱ्या दिवशी पंगती एकमेकींत मिसळतात आणि वेळापत्रक भिंतीवरच राहतं. म्हणून सुरुवातीलाच निम्म्या लोकांचं जेवण डब्यातून द्यायचं ठरवा. उरलेल्या सहाशेंना चार पंगती पुरतात. डबा खोलीत, व्हरांड्यात किंवा मैदानातल्या मांडवात खाता येतो. मांडवाला वर छप्पर हवं, बाजूंनी कनाती नकोत. चारही बाजू बंद केलेला मांडव हा कमी उजेडाचा हॉलच असतो.

वाढप्यांचा विचार बहुधा कुणी करत नाही. मेसचे कामगार अनेकदा एकाच खोलीत दहा-बारा जण राहतात. त्यांच्यातला एक आजारी पडला की अख्खी मेस बंद. त्यांच्या दोन तुकड्या करा, दोन्ही वेगळ्या ठिकाणी राहतील आणि वेगळ्या वेळी काम करतील अशा. आणि आजारपणाची रजा पगारी ठेवा. रोजंदारी कापली जाणार असेल तर तापातला माणूस गोळी घेऊन पोळ्या लाटायला येणारच, त्यात त्याचा दोष नाही. हाच नियम विद्यार्थ्यांच्या ७५ टक्के हजेरीलाही लागू होतो. साथ असेपर्यंत ती अट सैल केल्याचं लेखी परिपत्रक निघालं नाही, तर मुलं खोकला लपवतील आणि पुढची सगळी व्यवस्था आंधळी होईल.

हवा

दुसरा मोठा खर्च इथे करा. जागतिक आरोग्य संघटनेने बिगरनिवासी इमारतींसाठी सुचवलेलं प्रमाण आहे माणशी दर सेकंदाला १० लिटर बाहेरची ताजी हवा. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला ते ६०० लिटर, म्हणजे तासाला २,१६० घनमीटर. १० मीटर लांब, साडेसात मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच खोलीचं आकारमान सुमारे २६२ घनमीटर. म्हणजे तासाला आठेक वेळा सगळी हवा बदलायला हवी. एका बाजूला व्हरांडा आणि दुसऱ्या बाजूला खिडक्या असलेल्या जुन्या इमारतींत, वारा असेल तर, हे सहज होतं. नव्या काचेच्या इमारतीतल्या सेमिनार हॉलमध्ये मात्र होत नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा जवळजवळ आत घेतच नाही, आतलीच गार करून फिरवतो. छताचा पंखाही हवा ढवळतो, बदलत नाही.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. श्वासातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड खोलीत साठला, तर हवा बदलत नाही असं समजा. त्याचा मीटर घ्या, पण एनडीआयआर (हा वायू अवरक्त किरणांनी थेट मोजणारा) सेन्सर असलेलाच. स्वस्तातले काही मीटर इतर वायूंवरून आकडा अंदाजाने दाखवतात. सॅनिटायझरची बाटली जवळ उघडली की ते उडी मारतात. मीटर आधी मोकळ्यावर १५ मिनिटं ठेवा, आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास आला पाहिजे. मग वर्गात बसलेल्यांच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून लांब आणि कुणाच्याही तोंडापासून किमान एक मीटर दूर ठेवा. तास सुरू होऊन चाळीस मिनिटं झाल्यावर नोंद घ्या. ८०० च्या खाली असेल तर चांगलं. १,००० च्या वर गेला तर खिडक्या-पंख्यांचं काम काढा. १,५०० च्या वर असेल तर ती खोली साथ संपेपर्यंत कोठार म्हणून वापरा. मेसच्या स्वयंपाकघरात हा मीटर निरुपयोगी आहे, कारण गॅसच्या शेगड्याही तोच वायू सोडतात.

मीटर हातात असला की हवा तासाला किती वेळा बदलते तेही काढता येतं. तास संपून वर्ग रिकामा झाला की खिडक्या-पंखे होते तसेच ठेवा आणि आकडा उतरताना पाहा. सुरुवातीचा आणि शेवटचा अशा दोन्ही आकड्यांतून बाहेरच्या हवेचे ४२० वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, भागाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिदम (कॅल्क्युलेटरवरचं ln बटण) घ्या आणि त्याला तासांत मोजलेल्या वेळेने भागा. समजा २२ मिनिटांत आकडा १,६२० वरून ८२० वर आला. १,२०० भागिले ४०० म्हणजे ३, त्याचा लॉगॅरिदम १.१, वेळ ०.३७ तास, उत्तर तासाला साधारण तीन वेळा. साठ जणांच्या वर्गाला हे फार कमी आहे. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून सगळ्या वर्गांची अशी यादी दोन दिवसांत करून घेता येते.

कमी निघालं तर आधी खिडक्या बघा. रंगाने चिकटलेली तावदानं, खिडकीला टेकवलेलं कपाट, वरच्या झडपेवर ठोकलेला प्लायवुड: निम्मी दुरुस्ती इथेच असते. डासांची जाळी धुळीने भरली की वारा बराच अडतो, ती काढून धुवा. मग एक्झॉस्ट पंखा. तो व्हरांड्यात हवा फेकणार नाही, इमारतीच्या बाहेरच्या बाजूला फेकेल असा बसवा आणि समोरच्या बाजूने हवा आत यायला वाट ठेवा. सगळी दारंखिडक्या बंद करून पंखा चालवला तर तो नुसता आवाज करतो. पंख्याच्या पाटीवरचा आकडा पूर्ण धरू नका. जाळी, झडप आणि धूळ यांमुळे प्रत्यक्षात निम्मं मिळतंय असं समजून हिशोब करा. टेबलांवर उभ्या केलेल्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक भिंती नकोत. शिंकेचे थेंब त्या अडवतात, पण हवेचा प्रवाहही अडवतात आणि मागे कोंडी करतात.

ज्या खोलीची खिडकी उघडतच नाही, तिथे फिल्टरची पेटी. रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाने २०२० पासून ओळखली जाते ती. एमईआरव्ही-१३ प्रतीचे (बारीक कण पकडणारे) २० इंची चौकोनी चार फिल्टर चार भिंतींसारखे उभे करायचे, हवेच्या दिशेचा बाण आतल्या बाजूला. तळाला प्लायवुड. वर २० इंची चौकोनी पंखा, हवा वरच्या दिशेने फेकणारा. सगळे सांधे डक्ट टेपने बंद. पंख्याच्या चार कोपऱ्यांवर पुठ्ठा लावायचा, नाहीतर तिथूनच हवा परत आत ओढली जाते. तसा चौकोनी पंखा आपल्या बाजारात सहज मिळत नाही. प्लायवुडला गोल भोक पाडून ४५० मिलिमीटरचा एक्झॉस्ट पंखा बसवला तरी चालतं. एक लक्षात ठेवा: फिल्टर विषाणू असलेले कण पकडतो, कार्बन डायऑक्साइड पकडत नाही. पेटी चालू असताना मीटरचा आकडा उतरला नाही म्हणून ती बंद करू नका.

एक वर्ग सुटून दुसरा बसेपर्यंत मोकळा वेळ किती ठेवायचा, याचंही उत्तर यातच आहे. तासाला सहा वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतून ९९ टक्के कण जायला ४६ मिनिटं लागतात, बारा वेळा बदलणाऱ्या खोलीतून २३. पाच मिनिटांच्या सुट्टीत खोली ‘स्वच्छ’ होत नाही.

मास्क हवा तो नाकाच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसणारा एन-९५ किंवा आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला एफएफपी-२. झडपेचा नको, कारण झडपेतून लावणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर जातो. तेच मास्क कागदी पाकिटांत वाळवून आलटून-पालटून वापरता येतात, धुवायचे मात्र नाहीत.

साफसफाई, हात आणि पाणी

फवारणीवरचा खर्च कमी करा. एप्रिल २०२० मध्येच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर जंतुनाशक फवारू नये असं स्पष्ट केलं होतं, तरी फाटकांवर निर्जंतुकीकरणाचे बोगदे उभे राहिलेच. फरशी, कठडे, नळ, दारांच्या मुठी यांना एक टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचिंगचं द्रावण) पुरतं. ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला ३० ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग पाणी वाढवा, गाळ बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी वापरा आणि पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्या. पाच टक्क्यांचं तयार द्रावण असेल तर एक भाग द्रावण, चार भाग पाणी. रोज ताजं करायचं. पावसाळ्यात उघडं पडलेलं पोतं दमट होऊन महिन्याभरात ताकद गमावतं, आणि मग सगळेजण निष्ठेने चुन्याचं पाणी पुसत बसतात. संगणक आणि उपकरणांवर हे वापरू नका, तिथे ७० टक्के अल्कोहोल.

सफाई कामगारांना एक गोष्ट मराठीत, हिंदीत आणि चित्र काढून सांगा: ब्लीचिंग आणि संडासचं ॲसिड एकत्र करायचं नाही. बंद बाथरूममध्ये त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि माणूस तिथेच कोसळू शकतो.

हात धुवायला साबण उत्तम. सॅनिटायझर रसायनशास्त्र विभागात बनवायचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं दहा लिटरचं प्रमाण असं: ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७, ग्लिसरॉल १४५, बाकी उकळून गार केलेलं पाणी. बाटल्या ७२ तास बाजूला ठेवून मग वापरायच्या. परवान्याचं आणि उत्पादन शुल्काचं काम आधी करून घ्या. बर्नर लागणाऱ्या प्रयोगशाळेच्या दारात मात्र सॅनिटायझर न ठेवता बेसिन आणि साबण ठेवा. अल्कोहोलने ओले हात आणि ज्योत यांचं जमत नाही.

टाळेबंदीनंतर इमारती उघडताना पाणी विसरलं जातं. महिनोन्‌महिने साठलेल्या टाक्या आणि नळांत जिवाणू वाढलेले असतात, फरशीवरच्या जाळ्यांखालचं पाणी सुकून गटाराची हवा आत येत असते. टाक्या रिकाम्या करून घासा. मग हजार लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग घालून रात्रभर ठेवा, ते पाणी सगळ्या नळांतून सोडून द्या आणि पुन्हा भरा. त्यानंतर रोजच्यासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम. टोकाच्या नळाला क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम दिसलं पाहिजे.

तपासणी आणि अलगीकरण

फाटकावरची तापमापक बंदूक ठेवायची तर ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. लक्षणं नसलेला बाधित तिला सापडत नाही. उन्हातून दुचाकीवर आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं, आणि घामेजलेल्या कपाळावर किंवा मनगटावर धरली तर आकडा कमी येतो. मोजायचंच तर सावलीत पाच-दहा मिनिटं थांबवून मोजा. तोवर फाटकावर जी गर्दी होते, तिचा हिशोब तुम्हीच करा.

चाचण्यांसाठी पाच नमुने एकत्र तपासण्याची, आणि एकत्र नमुना बाधित निघाला तरच ते पाचही पुन्हा वेगळे तपासण्याची पद्धत परवडते, पण बाधितांचं प्रमाण कमी असेपर्यंतच. एक टक्का बाधित असतील तर हजार माणसांना सुमारे २५० चाचण्या पुरतात, पाच टक्क्यांना ४२५ लागतात आणि दहा टक्क्यांना ६१०. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) एप्रिल २०२० च्या सूचनेतही पाच टक्क्यांच्या पुढे ही पद्धत नको असंच होतं. निकाल ४८ तासांनी मिळत असेल तर अशा तपासणीचा अर्थच उरत नाही. त्यापेक्षा वारंवार केलेली, अर्ध्या तासात उत्तर देणारी अँटिजेन चाचणी बरी.

सांडपाणी हे स्वस्त आणि कमी वापरलेलं साधन आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ॲरिझोना विद्यापीठाने एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणूचे अंश दिसताच तिथल्या ३११ जणांची तपासणी केली. दोन विद्यार्थी बाधित निघाले, दोघांनाही लक्षणं नव्हती. त्यासाठी प्रत्येक वसतिगृहाचं चेंबर वेगळं गाठता आलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ड्रेनेजचा नकाशाच सापडत नाही. तो साथ नसताना शोधून ठेवा.

तपासणी कितीही चांगली असली तरी पुढची पायरी ढिली पडली की ती वाया जाते. इलिनॉय विद्यापीठाने २०२० मध्ये लाळेची चाचणी आठवड्यातून दोनदा सगळ्यांना सक्तीची केली होती. तरी बाधित असल्याचं कळूनही काही जण पार्ट्यांना गेले, रुग्ण वाढले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला दोन आठवडे निर्बंध घालावे लागले.

अलगीकरणाच्या खोल्यांचा हिशोब साधा आहे: रोजचे नवे रुग्ण गुणिले राहण्याचे दिवस. रोज चार जण, सात दिवस, म्हणजे २८ खोल्या. पण प्रत्येकाच्या तीन निकटच्या संपर्कांनाही वेगळं ठेवायचं म्हटलं तर आणखी ८४ लागतात, आणि व्यवस्था कोलमडते ती या ८४ वर. त्यामुळे संपर्कातल्यांना हलवू नका. त्यांच्या मूळ खोलीत, मास्क आणि डब्यासह ठेवा, पाचव्या दिवशी तपासा आणि त्यांना ठरावीक बाथरूम द्या. बाधित आणि संशयित कधीच एका खोलीत नकोत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२० च्या सूचनांत एका खोलीत एकच विद्यार्थी असं होतं. ते शक्य नसेल तर आठ-दहा खोल्यांचा एक गट, त्यांचं एक बाथरूम, त्यांची एक पंगत. बाथरूमचा एक्झॉस्ट चोवीस तास चालू ठेवा, त्याचं बटण चालू स्थितीतच टेपने चिकटवून टाका.

अलगीकरणाच्या मजल्यावर रोज दोनदा ताप आणि ऑक्सिजनची नोंद घ्या. बोट गार असेल, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर ऑक्सिमीटर चुकतो. बोट चोळून, दुसऱ्या हाताला लावून पुन्हा पाहा. सहा मिनिटं चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवा. बसल्या जागी ९४ च्या खाली असेल तर थेट रुग्णालय. गाडी आणि चालक आधीच ठरलेले असू द्या. मजल्यावरून गोळा झालेले मास्क आणि स्वॅब पिवळ्या दुहेरी पिशवीत, उष्टं अन्न साध्या कचऱ्यात. दिवसातून दोनदा कुणीतरी फोन करून ‘जेवलास का’ एवढं विचारा. एकटेपणाने खचलेली मुलं नियम मोडून बाहेर पडतात ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी. बाधितांची नावं सूचनाफलकावर लावू नका. एकदा लावलीत की पुढच्या आठवड्यात कुणी स्वतःहून तपासायला येणार नाही.

आपल्याकडे एक जास्तीची अडचण म्हणजे पावसाळा. जुलै ते ऑक्टोबर येणारा प्रत्येक ताप साथीचाच असं धरलं तर डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो निसटतात. तापासोबत खोकला नसेल, डोळ्यांमागे दुखत असेल, अंगावर पुरळ असेल तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलच द्या. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको. हवेसाठी खिडक्या उघड्या ठेवायला सांगताना जाळ्या किंवा मच्छरदाण्याही द्याव्या लागतील, नाहीतर मुलं रात्री त्या बंद करणारच.

परीक्षेत वर्गापेक्षा बैठकव्यवस्थेच्या फलकाजवळची रेटारेटी वाईट. आसनक्रमांक आदल्या दिवशी फोनवर पाठवा, दारं तीन-चार उघडा, पाणी ज्याचं त्याने आणावं.

शेवटी, बंद कधी करायचं. हे आकडे आधी लिहून, कुलगुरूंची सही घेऊन ठेवा. ऐन वेळी बैठकीत ठरत नाही. एका गटात आठवड्यात दोन रुग्ण निघाले तर तो गट सात दिवस जागच्या जागी. अलगीकरणाच्या ७० टक्के खोल्या भरल्या तर बाहेरून नवीन कुणी वसतिगृहात घ्यायचं नाही आणि वर्ग ऑनलाइन. पण ‘उद्या संध्याकाळपर्यंत वसतिगृह रिकामं करा’ ही नोटीस काढू नका. तिचा अर्थ इतकाच होतो की बाराशे मुलं, काही बाधित, काही बाधित व्हायच्या बेतात, एसटी आणि रेल्वेने चाळीस तालुक्यांतल्या आजी-आजोबांकडे पोचतात. ज्यांना जायचंच आहे त्यांना दोन दिवसांच्या अंतराने दोनदा तपासून, गटागटाने, पाच-सहा दिवसांत सोडा. ज्यांच्या घरी वेगळी खोली नाही त्यांना राहू द्या, आणि त्यांच्यासाठी मेसची निदान एक तुकडी चालू ठेवा.